लग्नपत्रिकेचं कुलूप

बोईसरला नवापूर रस्त्यावर मेहुलभाईंचं छपाईचं दुकान आहे. बाहेरच्या काचेत पत्रिकांचे नमुने टांगलेले, आत दोन संगणक, मागच्या खोलीत मशीन. पहिल्या संगणकावर मेघाली तामोरे बसते. माणसं भाव मेहुलभाईंशी करतात आणि मजकूर मेघालीकडे देतात. एकदा मजकूर तिच्याकडे गेला की खुद्द मेहुलभाईंनाही त्यात बोट घालता येत नाही. "चावी बेनकडे आहे," असं ते गिऱ्हाइकाला हसून सांगतात, पण त्या हसण्यात थोडी तक्रारही असते.

पूर्वी असं नव्हतं. मजकुराची फाइल तपासायला दोन्ही घरी जायची आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या मजकुरात हात घालायची. मुलीकडचे मुलीच्या नावापुढे पदवी घालायचे, मग मुलाकडचे मुलाच्या नावापुढे 'पर्मनंट' लिहायचे. उमरोळीच्या एका लग्नात मुलाच्या काकाने पत्रिका लांबते म्हणून मुलीच्या मामांची नावंच उडवली. छापून आल्यावर ते कळलं. मामा लग्नाला आले नाहीत, आणि मुलीची आई दुकानातल्या स्टुलावर बसून मेघालीकडे बघत अशी रडली, जणू भावांना मेघालीनेच घरी थांबवून ठेवलंय.

त्यानंतर मेघाली मोबाइलवर व्हिडिओ बघून, चुकत माकत, एक छोटा प्रोग्राम लिहायला शिकली. त्याचं काम साधं होतं. अख्खा मजकूर वाचण्यापुरता ठेवून पासवर्डने बंद करायचा, आणि ज्या घराला जेवढं बदलायचा हक्क, तेवढाच भाग उघडा सोडायचा. एकेक नाव निवडून हाताने मुभा देत बसलं तर सगळी दुपार त्यात जायची. म्हणून तिने सोय अशी केली, की उघडा सोडायचा भाग हिरव्या रंगाने फासायचा आणि बटण दाबायचं. प्रोग्राम वरपासून खालपर्यंत फिरतो, हिरवं दिसेल तिथे मुभा देतो, हिरवा रंग पुसतो आणि बाकीचं कुलूपबंद करतो. घरी फाइल उघडली की मोकळी जागा पिवळी दिसते, दोन्ही बाजूंना कंस. कंसांच्या आत वाटेल ते लिहा, बाहेर एक टिंबही हलत नाही. मुलीकडच्यांची प्रत वेगळी, मुलाकडच्यांची वेगळी. दोन्ही परत आल्या की मेघाली त्या एकत्र करते आणि मजकूर डिझाइनमध्ये ओतते. एक नियम तिने स्वतःलाही घालून घेतला होता. पिवळ्यात गिऱ्हाइकाने जे लिहिलं, त्याला आपण हात लावायचा नाही.

मेघाली मूळची मुरब्याची. भाऊ रूपेश अजूनही तिथेच, बोटीवर. मेघालीने लग्न केलं नाही. का केलं नाही, याची मुरब्यात तीन-चार कारणं सांगतात, त्यांतलं एकही तिने सांगितलेलं नाही. ती बोईसरला एका खोलीत भाड्याने राहायची, आणि रूपेशची मुलगी रूपल पाचवीत गेली तेव्हा तिच्याकडे राहायला आली. बोईसरची शाळा बरी, गावच्या घरात जागा कमी, धाकटा अंकुश तेव्हा रांगत होता. "वर्ष-दोन वर्षं ठेव," असं रूपेश म्हणाला होता. रूपल बी.एस्सी. होऊन एमआयडीसीतल्या कंपनीच्या लॅबमध्ये लागली, तरी तिथेच होती.

आठवडाभर रूपल मेघालीची असायची. शनिवारी दुपारी ती मुरब्याला जायची आणि रविवारी संध्याकाळी परत यायची, तेव्हा तिच्या दोन घट्ट वेण्या प्रियंकाने घातलेल्या असायच्या. प्रियंका म्हणजे रूपेशची बायको, मेघालीची वहिनी. मेघाली त्या वेण्या सोडायची. "डोकं ओढलं जात असेल गं," म्हणायची आणि आपल्या हाताने एक सैल वेणी घालायची. वहिनी डब्यातून बोंबलाचं कालवण पाठवायची. तसंच कालवण मेघालीही करत होती, दोघी मेघालीच्या आईच्याच हाताखाली शिकलेल्या होत्या, पण रूपल डबा उघडून म्हणायची, "मम्मीच्या हातचं वेगळंच असतं, ना आतू?" मेघाली "हो" म्हणायची. डबा घासून परत पाठवताना त्यात बेसनाचे लाडू भरायची, कालवणापेक्षा महाग काहीतरी.

वहिनी रोज सकाळी बोईसरच्या बाजारात मासे विकायला बसे. रूपल आठवी-नववीत असताना मैत्रिणींबरोबर शाळेतून येताना बाजाराच्या पलीकडच्या बाजूने चालू लागली. मेघालीने एकदा दुकानाच्या काचेतून ते पाहिलं. वहिनी पाटीवर पाणी शिंपडत होती, तिची नजर खाली होती. पोर मान वळवून निघून गेली. मेघालीने रूपलला काही म्हटलं नाही. त्या संध्याकाळी मात्र तिने पुरणपोळ्या केल्या, आणि सण कुठला म्हणून रूपलने विचारलं, तर म्हणाली, "सहज."

यंदा रूपलचं जमलं. मुलगा तिच्याच कंपनीतला, भाग्येश. त्याचे वडील नागोराव परभणीकडून वीजप्रकल्पात नोकरीला आले आणि इथलेच झाले. बोलणी मुरब्याला ठरली. ओटीवर चटया अंथरल्या. वहिनीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि ती भाग्येशच्या आईशेजारी, साखरबाईंशेजारी बसली होती. मेघाली आत चहा गाळत होती. ट्रे घेऊन ती दारात आली, तेव्हा साखरबाई वहिनीचा हात हातात घेऊन म्हणत होत्या, "लेकराला वळण लई चांगलं लावलं बघा तुम्ही. बोलणं कसं, बसणं कसं. आईचा हात दिसतोय."

वहिनीने मान खाली घातली. "देवाची किरपा," म्हणाली.

मेघाली दारात थांबली. वहिनी आता म्हणेल, माझं काय त्यात, नणंदेकडे वाढली ती. वहिनीने बशी पुढे ओढली आणि साखरबाईंना दिली. मेघालीने ट्रे खाली ठेवला तो जरा जोरात ठेवला, आणि एका कपातला चहा चटईवर सांडला.

"हळू गो," वहिनी म्हणाली, "नवी चटई हाय."

परत येताना रिक्षात रूपल भाग्येशच्या घरच्यांबद्दल बोलत होती. मेघाली ऐकत नव्हती. बोलणं कसं, बसणं कसं. तापात उशाशी कोण बसलं? पहिल्यांदा कपडे डागळले तेव्हा शाळेत कोण धावलं? दहावीला गणितात घसरली तेव्हा शिकवणीच्या बाईंपुढे हात कोणी जोडले? आणि लुगडं नेसून चटईवर बसलेल्या बाईला सगळं आयतं मिळालं, मान खाली घालायचे तेवढे कष्ट.

पत्रिका अर्थातच मेघालीकडे आली. "आतूशिवाय कोण करणार?" असं रूपलने फोनवर भाग्येशला सांगितलेलं मेघालीने ऐकलं आणि तिला दिवसभर बरं वाटलं.

तिने मजकूर बसवला. कुलदेवतेचं नाव, मग 'सौ. प्रियंका व श्री. रूपेश तामोरे, मुरबे, यांची सुकन्या चि. सौ. कां. रूपल'. इतकं लिहून ती थांबली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पत्रिका बसवताना तिला माहीत झालं होतं, की आत्याचं नाव पत्रिकेत येतं ते नवऱ्याच्या नावामागून, खाली, आप्तेष्टांच्या दाटीत. बिनलग्नाच्या आत्याला पत्रिकेत जागा नसते. ती कोणी ठेवत नाही, कारण ती लागेल असं कोणाला वाटत नाही. तिने 'सुकन्या'नंतर एक ओळ लिहिली. खोडली. उठून पाणी प्यायली. परत येऊन पुन्हा लिहिली.

'आत्या कु. मेघाली हिच्या मायेत व संस्कारांत वाढलेली'

मेहुलभाई मागून वाकून वाचत होते. "ही ओळ कोणी दिली, मेघालीबेन?"

"घरून आली," मेघाली म्हणाली.

"सारी छे, छान आहे," ते म्हणाले आणि पुढे गेले. पण जाता जाता त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं.

मग ती हिरवा रंग फासायला बसली. मुलीकडच्या प्रतीत तिने मामांची नावं हिरवी केली, आप्तेष्ट हिरवे केले, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या पोरांची नावं हिरवी केली. वरचा परिच्छेद तसाच ठेवला. बटण दाबलं. तिची ओळ आई-बापाच्या नावाखाली, कुलुपाच्या आत, सुरक्षित राहिली. इतरांच्या पत्रिकांत तिने जे कधी केलं नव्हतं ते आपल्या घरात केलं होतं, आणि तिला ते मुळीच वाईट वाटलं नाही. वाटलं असेल तर एवढंच, की साखरबाईंच्या हातात ही पत्रिका पडेल तेव्हा त्यांचं तोंड बघायला आपण तिथे असायला हवं.

मुलाकडची प्रत त्याच संध्याकाळी परत आली. नागोरावांनी आपल्या पिवळ्या जागेत अख्खी भावकी बसवली होती, जागा ताणली जाते म्हटल्यावर ती दीड पान ताणली होती. वर फोन करून म्हणाले, "ताई, गंगाखेडचे पाव्हणे राहिले बघा. तेवढे घालता का?"

"तुमच्या पिवळ्यात तुम्हीच घाला, दादा. मी हात लावत नाही."

"कडक हाय बुवा तुमचं," म्हणून ते हसले.

वहिनीचा फोन दुसऱ्या दिवशी आला.

"मेघाली, ती फाइल कशी उगडाची गो? अंकुशनी लॅपटॉपवर उगडली तं नुसती वाचाला देते. पुसाला गेलं का खाली इंग्लिशमदी कायतरी येते."

"पिवळं दिसतंय ना? त्यात लिही."

"पिवळ्यात लिवली सगळी नावं. मला वरचं पायजे."

"वरचं पक्कं झालंय."

"कोनी केलं पक्कं?"

मागे अंकुश काहीतरी पुटपुटला आणि वहिनीने त्याला हाड केलं.

"आमची पोर, आमचं लगीन, आन कुलूप तुझं?" वहिनी म्हणाली. "मंग घराला पन लाव एक. आमी भायेर ओट्यावर बसतो, तू सांगशील तवा आत येतो."

"वहिनी, दोन्ही घरांना सारखा नियम असतो. मुलाकडच्यांनापण वरचं बंदच आहे."

"त्यांच्या वरच्यात तुझं नाव हाय?"

फोन बंद झाला.

त्या रात्री जेवताना रूपल म्हणाली, "आतू, मम्मीला काय ते उघडून दे ना." तिने फाइल पाहिली नव्हती. घरात कुणाला कशाचं लागलंय ते तिला नीट माहीत नव्हतं. मेघालीला एवढंच ऐकू आलं, की पोर आईच्या बाजूने बोलली. इतकी वर्षं माझ्या ताटात जेवली आणि एका फोनवर तिकडे गेली. तिने रूपलला भात वाढला, आणि नको नको म्हणताना जास्तच वाढला.

मग दोन दिवसांनी रूपेशचा फोन. तो बंदरावरून बोलत होता, मागे माणसांचा गलका. "बाय, उगड ना ते. ही दोन दिस तोंडात घास घेत नाय. ती जेवत नाय म्हनून मला पन कोनी वाढत नाय."

भावाला मात्र मेघालीला नाही म्हणता आलं नाही. तिने वरचा अख्खा परिच्छेद हिरवा फासला, बटण दाबलं आणि फाइल पाठवून दिली. पाठवल्यावर ती मेलकडे बघत बसली. आता वहिनी काय करेल ते तिला माहीत होतं, आणि तरी कुठेतरी वाटत होतं, की नाही करणार. आपलं स्वतःचं नाव मोठं करेल, आणखी काही घालेल, पण ते नाही करणार.

फाइल परत आली. कुलदेवता जिथल्या तिथे, सौ. प्रियंका जिथल्या तिथे, रूपल जिथल्या तिथे. मधली ओळ नव्हती. वहिनीने दुसऱ्या कशालाच हात लावला नव्हता.

दुपारी बाजार उठल्यावर वहिनी स्वतः दुकानाशी आली. डोक्यावरची रिकामी पाटी तिने पायरीखाली ठेवली. आत आली नाही. लुगड्याचा काठ ओला होता, त्याचं पाणी फरशीवर पडेल म्हणून ती पायरीवरच उभी राहिली. मेघाली उठून दारात गेली.

"पुसली मी," वहिनी म्हणाली. "मागनं बोलशील म्हनून तोंडावर सांगाला आली."

"खोटं होतं का त्यात काही?"

"खरं होतं म्हनूनच पुसली." वहिनीने पदराने मान पुसली. "मायेत वाढलेली. मंग मी काय केलं? जनली आन वाटेवर ठेवली? गावात पत्रिका जाईल. सगल्या वाचतील. इतकी वर्सं मला बाया इचारतात, पोर कुनाला दिली गो? तुला जड झाली का गो? मी सांगते, शालेला ठेवली हाय. आता तू छापून सांग त्यांना, का दिलीच होती."

"साखरबाईंना सांगायचं होतंस ना मग. वळण आईने लावलं म्हणाल्या त्या. तू बसून ऐकलंस."

"ऐकलं. मला कवा कोन बोलतो तसं? एकदा बोलली ती. मी म्हनू, माझं नाय, हिचं हाय?" वहिनीचा आवाज चढला. रस्त्यावरचा रिक्षावाला बघू लागला. "तुझ्याकडं ती पोर सोमवार ते शनवार. माझ्याकडं रईवार. तो पन तिचा अभ्यासात जायचा. तुला एक ओळ नाय भेटली तं एवढं झोंबलं. मला किती वर्सं झोंबते, तू कवा इचारलंस?"

तिने पाटी उचलली आणि ती गेली. मेहुलभाई आतून म्हणाले, "बेन, चहा सांगू?" मेघाली आपल्या संगणकापुढे जाऊन बसली.

तिला वहिनीची दया यायला हवी होती. तिला ते कळत होतं. पण तिच्या डोक्यात एकच शब्द घोळत होता, दिलीच होती. दिली होती ना? मग परत का मागतेस?

संध्याकाळी तिने दोन्ही घरच्या प्रती एकत्र केल्या, आणि वहिनीने पुसलेली ओळ जिथे होती तिथे पुन्हा घातली. गिऱ्हाइकाच्या पिवळ्यात हात घालायची तिची ती पहिलीच वेळ. पासवर्ड बदलला. सगळं बंद केलं, एकही जागा उघडी ठेवली नाही, आणि शेवटची प्रत रूपलला पाठवली. खाली लिहिलं, 'बघून घे. उद्या छापायला जाईल.'

रूपल कंपनीच्या बसमधून नाक्यावर उतरली आणि घरी न जाता दुकानात आली. मेहुलभाई शटर अर्धं ओढून बाहेर फोनवर बोलत होते. रूपलने दुसऱ्या संगणकाची खुर्ची ओढली आणि मेघालीशेजारी बसली.

"मम्मीने मला सांगितलं ओळ पुसली म्हणून. ही परत कोणी घातली?"

"मी."

"तू तर म्हणतेस गिऱ्हाइकाच्या लिहिण्याला हात लावत नाही."

"घरचं गिऱ्हाईक नसतं."

रूपलने माउस ओढून घेतला. वर, खाली सगळीकडे टिचकी मारून पाहिली. खाली इंग्रजीत ओळ येत राहिली. "मम्मीला पिवळं होतं. भाग्येशच्या पप्पांना तर दीड पान पिवळं. लग्न माझं आहे ना, आतू? मला कुठे आहे?"

मेघालीला हे सुचलंच नव्हतं. इतक्या पत्रिका केल्या, दोन घरांना दोन प्रती दिल्या. नवरीला प्रत कधी कोणाला दिली नव्हती.

"काय बदलायचंय तुला?"

"ती ओळ हिरवी कर."

"पुसणार?"

"तू कर तर."

मेघालीने पासवर्ड घातला. ओळीवर हिरवा रंग फासला. तिचं बोट बटणावर आलं आणि तिथेच थांबलं. "मग माझं काय, रूपल?" ती म्हणाली. इतक्या दिवसांत हे वाक्य तिने पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं, आणि तिला स्वतःचाच राग आला, कारण ते एखाद्या लहान पोरीसारखं निघालं.

"तुझं काय म्हणजे? मला माहीत नाही का?"

"तुला माहीत असून उपयोग काय. छापलेलं कुठेच नाही."

रूपलने तिच्याकडे पाहिलं. "त्या दिवशी तू ट्रे आपटलास, तेव्हाच मला कळलं होतं. भाग्येशच्या आईंना मी दुसऱ्या दिवशीच सांगितलं, मी आतूकडे वाढले. त्या म्हणाल्या, असं का, मग तुझ्या आईनं बोलायचं न्हाई का? मी म्हटलं, तिला राहू द्या तेवढं." ती थांबली. "मम्मी बाजारात बसते ना, आतू. ही पत्रिका वाचून प्रत्येक गिऱ्हाईक तिला विचारेल. तू काचेच्या आत असतेस. तिला उठून जाता येत नाही."

"म्हणजे तू तिच्या बाजूची."

"हो. तिच्या बाजूला कोण आहे? पप्पा बोटीवर, मी तुझ्याकडे."

मेघालीने बटण दाबलं. ओळ पिवळी झाली. ती उठली आणि खुर्ची रूपलला दिली. रूपलने ओळ एकदा मोठ्याने वाचली, 'मायेत व संस्कारांत', आणि 'संस्कारांत'ला जरा हसली. मग पुसली. मेघाली पंख्याकडे बघत होती.

"आता निमंत्रक पण हिरवं कर."

"तिथे दादाचं नाव आहे. ते कशाला?"

"कर ना."

मेघालीने उभ्याउभ्याच वाकून केलं. रूपलने 'श्री. रूपेश तामोरे'च्या खाली टाइप केलं, 'मेघाली तामोरे'.

"पुढे कु. लिहू?" तिने विचारलं.

"या वयात? लोक हसतील."

"मग नुसतंच. निमंत्रकाचं लग्न झालंय का, ते कोण विचारतो?"

"तुझ्या आईला विचारलंस?"

"नाही," रूपल म्हणाली. "तू तरी कुठे विचारलं होतंस?"

मेघालीने फाइल बंद केली आणि कुलूप लावलं. घरी जाताना दोघी नाक्यावर भाजी घ्यायला थांबल्या. वांगी निवडताना मेघाली मनातल्या मनात दोन जागांची तुलना करत होती. वरची आईची, खालची आपली. आईची जागा वर होती, आणि तिथे कुठला प्रोग्राम चालत नव्हता.

पत्रिका छापून झाल्या. रविवारी मेघाली गठ्ठा घेऊन मुरब्याला गेली. वहिनीने पहिली पत्रिका देवापुढे ठेवली, तिला हळद-कुंकू वाहिलं, दुसरी उघडून दारातल्या उजेडात धरली. तिला वाचायला वेळ लागतो. ती वरचं वाचत होती तोवर मेघाली ओट्यावरच्या खांबाला टेकून उभी राहिली. वहिनी खाली निमंत्रकापर्यंत आली, तिथे तिचं बोट थांबलं.

"हे कोनी लिवलं?"

"रूपलने."

"मला नाय सांगितलं." वहिनीने पत्रिका मिटली. "तुमचं दोगींचं आपलं आत चालते, मला मागनं कलते."

"मलाही आयत्या वेळेलाच कळलं."

वहिनी आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. आता ही आतच बसणार, असं मेघालीला वाटलं, आणि तिने आपली पर्स उचलली. तेवढ्यात वहिनी तबक घेऊन बाहेर आली. तबकात अक्षता, कुंकू, पत्रिकांचा अर्धा गठ्ठा. ते तिने मेघालीच्या हातात कोंबलं.

"निमंत्रक हाय ना तू? मंग चल घरोघर. नुसतं छापून निमंत्रक होत नाय. आमच्यात निमंत्रकाला सगला गाव फिराला लागतो. दारात जाऊन तोंडानी सांगाला लागते."

"या टाचेच्या चपलांनी गावभर?"

"मी अनवानी हाय का?"

दोघी निघाल्या. बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकत होते, त्यांच्या मधल्या वाटेने वहिनी पुढे आणि तबक सांभाळत मेघाली मागे. पहिल्या घरातली म्हातारी ओट्यावर जाळं विणत बसली होती. "ये गो प्रियंका," म्हणाली. "रूपलचं ना? आन ही तुझी बोईसरची नणंद."

"हिला इचार," वहिनी म्हणाली. "हीच बोलवाला आली."

मेघालीने पत्रिका पुढे केली. इतरांच्या निमंत्रणाची भाषा तिने हजार वेळा बसवली होती आणि आता तिला एक शब्द सुचेना. "आमच्या रूपलचं लग्न आहे," ती म्हणाली. "सगळ्यांनी यायचं. आधीपासून यायचं."

म्हातारीने पत्रिका कपाळाला लावली आणि कुंकवात बोट बुडवलं. पहिलं बोट वहिनीच्या कपाळाला लागलं. नवरीची आई. मेघालीने ते पाहिलं. मग तिच्या कपाळाला लागलं. म्हातारीने तिचा गाल धरला आणि म्हणाली, "पोरीला तू बगितलंस बाय. म्हायती हाय आमाला."

वहिनी खाली बघून पायातली चप्पल सारखी करत होती. तिने ते ऐकलं की नाही, ते तिच्या तोंडावरून कळलं नाही. पण वाटेला लागल्यावर तिने मेघालीच्या हातातलं तबक काढून घेतलं. "दे इकडं. तुला सवय नाय, सांडशील."

"सांडत नाही."

"चटईवर सांडलंस तवा बगितलं ना."

पुढच्या घराचं दार उघडंच होतं. मेघालीने चालण्याचा वेग थोडा वाढवला. वहिनीनेही वाढवला. तबकातल्या अक्षता हलल्या. दारातल्या बाईने हाक मारेपर्यंत दोघी पायरीवर एकदमच चढल्या होत्या, आणि कोण आधी बोलणार, ते दोघींनाही ठरवता येत नव्हतं.